दोन ठोके, मग एक

नवऱ्याच्या शर्टाची पुढची बाजू इस्त्री करून झाली होती, पाठ मात्र अजून चुरगळलेलीच होती. धाकटीने इस्त्री उभी करून ठेवली, बटण बंद केलं आणि शर्ट तसाच टेबलावर टाकून ती बंद खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. तिला एक वाक्य अडलं होतं.

घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. मोठी जाऊ बिऱ्हाड घेऊन दुसऱ्या गावी गेली त्याला वर्षं लोटली, तरी हिचं धाकटेपण काही सुटलं नव्हतं. सकाळी ती दातांच्या दवाखान्यात बसे. नावं लिहून घ्यायची, फोन उचलायचा आणि आतून कुणी ओरडलं तर बाहेर बसलेल्यांकडे बघून धीर दिल्यासारखं हसायचं, एवढं तिचं काम. मधल्या वेळात ती मोबाइलवर कादंबरी लिहीत असे, तीही भुताटकीची. डॉक्टरांना ते ठाऊक होतं. "बाई, आपल्याकडे येणारा आधीच अर्धमेला असतो," ते म्हणत. "त्याला तुमची गोष्ट दाखवू नका. दात तोंडात ठेवून पळून जाईल."

कादंबरी पहिलीच. एक जुनी धर्मशाळा, तिचा मेलेला राखणदार, आणि त्याला कुणी मारलं ते शोधणारी त्याची बायको. अर्धी लिहून झाल्यावर धाकटीने ती एका प्रकाशनाकडे पाठवली होती. तिथल्या संपादकबाईंचा फोन आला.

"लिहिता चांगलं तुम्ही. पण तुमची भुतं वाचलेली आहेत हो. मोकळे केस, लाल डोळे. तुमच्या घरातून आलेलं एकही नाही. अनोळखी माणूस दिसला म्हणून वाचक घाबरत नाही. ओळखीचा माणूस परत आला, की घाबरतो."

हे बोलणं धाकटीच्या डोक्यात जाऊन बसलं. तेव्हापासून भाजी चिरताना, भांडी घासताना ती स्वतःच्याच घराकडे परक्यासारखी बघू लागली होती. आणि आज इस्त्री करता करता तिला सासऱ्यांची काठी आठवली.

बंद खोली त्यांचीच. जन्मभर त्यांनी गावाच्या पाणीपुरवठ्यात काम केलं. निवृत्त झाल्यावरही रोज दुपारी काठी टेकत ते घरभर फिरत, कुठला नळ गळतोय का बघत. काठीच्या तळाचं रबर कधीच झिजून गेलं होतं, आतलं लोखंड फरशीवर खणखणायचं. मुलगा नवं बसवून आणतो म्हणाला, तर म्हणाले, "मी येतोय हे घराला कळायला नको?" फेरी संपली की स्वयंपाकघराच्या दाराशी ते काठी आपटत. दोन ठोके, जरा थांबून एक. म्हणजे चहा टाक. सासूबाई आतून करवादायच्या, "टाकते हो!"

ते गेले त्याला वर्ष झालं होतं. तेव्हापासून सासूबाईंनी अंथरूण धरलं. आजार असा काही नव्हता. कुणी हात दिला तरच त्या उठत, दोन घास खाऊन ताट सरकवत. देवाचं नाव तेवढं सुटलं नव्हतं. पडल्या पडल्या हात जोडत आणि म्हणत, "देवा, त्यांना तुझ्याजवळ ठेव. सांभाळ."

बंद दाराआडून तो आवाज कसा येतो, एवढंच धाकटीला हवं होतं. ती आत गेली, दार लोटून घेतलं, कोपऱ्यातली काठी उचलली आणि फरशीवर वाजवली. दोन ठोके, मग एक.

"टाकते हो!"

आवाज बाहेरून आला. खोल गेलेला, आजारी असा नव्हे, तर चांगला वैतागलेला, वर्षापूर्वीचा. पाठोपाठ पलंग करकरला, पावलं घासत स्वयंपाकघराकडे गेली, पातेलं वाजलं. काठी हातात धरून धाकटी उभी होती तिथेच थिजली. अर्धी कादंबरी लिहून झाली तरी तिचं भूत तिला एकदाही घाबरवू शकलं नव्हतं. आज घाबरवलं, आणि ते भूत ती स्वतःच होती.

बाहेर आली तर ओट्यावर दोन कप भरलेले.

"आई, हा दुसरा कुणाला?"

सासूबाईंनी मान वर केली. डोळ्यांत किती दिवसांनी पाणी नव्हतं. "तुला नाही ऐकू आलं?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. धाकटी म्हणाली, "नाही, आई." आणि जाऊन लिहायला बसली. ते प्रकरण तिच्या हातून एका बैठकीत उतरलं. शर्ट तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी नवरा तो घालून आरशापुढे वळून बघत म्हणाला, "अगं, हे काय? पुढून साहेब, मागून शिपाई!"

ती काही वाईट बाई नव्हती. सकाळी देवापुढे उभी राहिल्याशिवाय ती पाण्याचा घोट घेत नसे. देवाला तिने सांगितलंसुद्धा, पुढच्या प्रकरणासाठी एकदाच काठी वाजवीन, मग नाही. पण प्रकरणामागून प्रकरण येतच राहिलं आणि दुपारची काठी वाजतच राहिली. आणि इकडे सासूबाई उठू लागल्या होत्या. आपल्या आपण केस विंचरत, पोटभर जेवत, दुपार कलली की कान देऊन बसत. नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करी. दिवसभर तेलात बरबटून घरी आला की आईला खुर्चीत बसलेली पाहून त्याचा चेहरा उजळे. "कुठलं औषध लागू पडलं देव जाणे," तो म्हणाला, "पण बंद करू नकोस बाई."

मोठ्या जावेने फोनवर टोमणा मारलाच. "मध्ये महिनाभर आमच्याकडे होत्या तेव्हा कूस बदलायला तयार नव्हत्या. तू काय जादू केलीस गं?" धाकटीने घाईघाईने विषय बदलला.

संपादकबाईंना काठीचं प्रकरण पोचलं तसा त्यांचा फोन आला. "अंगावर काटा आला माझ्या. कुठून आणलंत हे?"

"घरातूनच."

"ऐका, हे प्रकरण आहे म्हणून आम्ही पुस्तक काढतोय. याला हात लावायचा नाही."

फोन ठेवून धाकटी स्वयंपाकघरात गेली. आनंद कुणाला सांगावा म्हणून गेली होती. सासूबाई टेबलाशी बसल्या होत्या. पुढे एक कप रिकामा, दुसऱ्यातल्या चहावर साय धरलेली. त्या रडत होत्या, आवाज न करता.

"धाकटे, त्यांना शांती नाही गं मिळाली."

"असं का म्हणता, आई?"

"त्या दिवशीसुद्धा वाजवली होती काठी. मी म्हटलं, आत्ताच तर झाला, सारखा काय चहा! ते काही बोलले नाहीत. खोलीत जाऊन खुर्चीत बसले. नंतर मी बघायला गेले तर..." त्यांनी पदराने तोंड दाबलं. "वर्षभर देवाला म्हणतेय, त्यांना जवळ ठेव. देवाने ठेवलंच नाही. एका कपासाठी अडकलेत इथे. मी रोज करते, रोज मांडते, पण पीत नाहीत. राग गेला नाही त्यांचा."

धाकटी समोरच्या खुर्चीत बसली. कादंबरीत ती खुनी शोधत होती आणि घरात तिने एका निरपराध बाईला गुन्हेगार करून बसवलं होतं. गुपचूप काठी वाजवणं सोडावं का? तर सासूबाई म्हणणार, रागावूनच गेले. चालू ठेवावं तर हा कप रोज असाच गार होणार. खरं सांगावं तर त्या पुन्हा अंथरूण धरतील, आणि छापून येणारं पहिलं पुस्तकही हातचं जाईल, कारण हे झाल्यावर ते प्रकरण ठेवायला तिचं मन धजलं नसतं.

ती उठली, बंद खोलीतून काठी घेऊन आली आणि सासूबाईंच्या समोर उभी राहिली.

"आई, ते नव्हते. मी होते."

सासूबाईंना कळलंच नाही. तेव्हा तिने काठी वाजवून दाखवली. दोन ठोके, मग एक. सवयीने सासूबाईंचे ओठ हलले, "टाक..." आणि तिथेच थांबले.

त्यांनी काठीच्या टोकाकडे बघितलं.

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

"कशाला गं?"

"पुस्तकासाठी."

"पुस्तकासाठी," त्या म्हणाल्या. मग टेबलाला धरून उठल्या. धाकटीने हात पुढे केला तो त्यांनी घेतला नाही. "मी त्यांना पोचवून बसले होते. तू परत आणलंस आणि आता परत घेऊन चाललीस. दोनदा विधवा केलंस मला."

पलंगावर जाऊन त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

रात्रीच्या जेवणाला धाकटीने नवऱ्याला सगळं सांगितलं. हातातला घास त्याने ताटात ठेवला. "तुला दुसरं भूत नाही मिळालं?" एवढंच बोलून तो उठला. पुढचे दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज. सासूबाई ताट घेत, थोडं खात, पण तिच्याकडे बघत नसत. धाकटी सकाळी देवापुढे उभी राही, पण मागायला शब्द सुचत नसत. आपण मागायच्या लायकीच्या नाही, असं तिला वाटे. नुसती उभी राहून ती कामाला लागे.

एका दुपारी पलंगाजवळच्या स्टुलावर बसून ती संपादकबाईंना निरोप लिहीत होती, की ते प्रकरण मी काढून टाकते आहे.

"काय लिहिलंयस माझ्याबद्दल?"

सासूबाई भिंतीकडे तोंड करूनच बोलल्या होत्या.

"तुमच्याबद्दल नाही, आई. राखणदाराच्या बायकोबद्दल."

"तीच ती. वाच."

धाकटीने वाचलं. वाचता वाचता आवाज चिरकत होता, तरी शेवटपर्यंत वाचलं. सासूबाई कधी कुशीवर वळल्या ते तिला कळलं नाही.

"ही नुसतीच घाबरते," सासूबाई म्हणाल्या. "हिला सलतंय काय, ते कुठे आहे यात? त्या दिवशी ती चहाला नाही म्हणाली होती, ते लिही."

"आई, ते मी कसं लिहू?"

"मी सांगतेय ना."

धाकटीने लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. आत्ताच तर झाला, सारखा काय चहा.

"परत वाच."

तिने परत वाचलं. सासूबाई छताकडे बघत होत्या, कुण्या दुसऱ्याच बाईचं गाऱ्हाणं ऐकत असल्यासारख्या.

"एवढंच म्हणाली ती?"

"एवढंच, आई."

"मग त्यात काय एवढं?" त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "कुठल्या घरात म्हणत नाहीत असं?"

"सगळ्या घरांत म्हणतात, आई. मीही म्हणते की यांना, रोज."

सासूबाई रडल्या. या वेळी धाकटीचा हात त्यांनी झिडकारला नाही. शांत झाल्यावर डोळे पुसत म्हणाल्या, "आणि त्याला परत आणू नकोस. देवाकडे गेलेला माणूस असा चहासाठी फिरत नसतो, मी वेड्यासारखं धरून बसले. काठी कुणीतरी जिवंत माणूसच वाजवतं, तसं लिही. कशाला वाजवतं तेही लिही."

"भूतच नसलं तर त्या पुस्तक छापणार नाहीत."

"मग नाही छापणार."

धाकटीने निरोप पुन्हा उघडला. लिहिलेलं पुसलं आणि नव्याने लिहिलं, की प्रकरण ठेवते आहे, पण भूत काढते आहे, पुढे तुमची मर्जी. पाठवून दिला. उत्तराची वाट बघायला फोन हातात धरून मात्र बसली नाही.

सासूबाईंनी पाय पलंगाखाली सोडले होते. "ती काठी दे इकडे."

धाकटीने दबकतच दिली. दोन्ही हातांनी मूठ धरून त्यांनी जोर देऊन पाहिला, उठून उभ्या राहिल्या आणि एक पाऊल टाकलं. लोखंड फरशीवर खणकन वाजलं. दोघी जागच्या जागी थबकल्या.

"त्यांना आवडायचा हा आवाज," सासूबाई काठी परत तिच्या हातात देत म्हणाल्या. "मला नको. मला नुसती चालायला हवीय. रबर बसवून आण जा."

धाकटीने पायांत चपला सरकवल्या, टोक कुठे आपटू नये म्हणून काठी काखेत आडवी धरली आणि नाक्यावरच्या चपला शिवणाऱ्याकडे काठीला रबर बसवून आणायला निघाली.