मावशीने बोललेला नवस

नोकरी सोडली तेव्हा वाटलं होतं, आता शांतता मिळेल. मिळाली, पण इतकी की ती अंगावर येऊ लागली. बोईसरच्या माझ्या दोन खोल्यांत दुपारी शेजारच्या कुकरची शिट्टी तेवढी ऐकू यायची. त्यात जुन्या ऑफिसातल्या सरांचा फोन आला. "मॅडम, तुमची जागा अजून भरलेली नाही. परत यायचं असेल तर संध्याकाळपर्यंत कळवा." नोकरी सोडायची बुद्धी देवाने दिली, की मीच पायावर धोंडा पाडून घेतला, हे मला कळेनासं झालं.

मी मेडिकल कॉलेजच्या शिक्षण विभागात होते. डॉक्टरांच्या कार्यशाळा असल्या की चहापासून प्रोजेक्टरपर्यंत सगळं माझ्याकडे. शिवाय एक भलतंच काम गळ्यात पडलं होतं. वाईट बातमी कशी सांगावी याचा शिकाऊ डॉक्टर सराव करतात, त्यासाठी रुग्णाची खोटी नातेवाईक लागते. ती मी. "माझे मिस्टर आयसीयूत आहेत, मला कुणी काही सांगत नाही," हे माझं ठरलेलं वाक्य. ते म्हणून मी डोळ्यांना पदर लावायचे, आणि नंतर चहा पिताना सगळे म्हणायचे, मॅडम, सिरियलमध्ये जा. मलाही मजा वाटायची. मग माझे मिस्टर खरोखरच आयसीयूत गेले आणि परत आले नाहीत. पुढच्या कार्यशाळेत मी पुन्हा त्याच खुर्चीवर बसले. समोरच्या मुलीने पाण्याचा ग्लास पुढे केला, आवाज हळू केला, सगळं नीट केलं. तिचं काहीच चुकलं नाही. माझ्याच तोंडून ते वाक्य फुटेना. त्याच आठवड्यात मी राजीनामा दिला. निरोपाला शाल मिळाली; का जातेय हे कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

फोननंतर घरात बसवेना. रिक्षा करून नवापूरला गेले. किनाऱ्याजवळच्या देवीच्या देवळात भर दुपारी कुणी नव्हतं. आई, परत जाऊ का, एवढंच देवीला विचारलं. मी खांबाला टेकून बसले. खरं सांगायचं तर कामाची ओढ नव्हतीच. पण कॉलेजात दिवसभर कुणीतरी हाक तरी मारायचं.

तेवढ्यात सुक्या मासळीची टोपली घेऊन एक म्हातारी कोळीण सावलीला आली. टोपली बाहेर ओट्यावर ठेवून माझ्याकडे बघत म्हणाली, "काय झाला गो बाय?"

आणि माझ्या तोंडून सवयीने निघालं, "माझे मिस्टर आयसीयूत आहेत, मला कुणी काही सांगत नाही."

मी जीभ चावली. पण ती तोवर गाभाऱ्यापुढे हात जोडून उभी राहिली होती. "आये, हिचा मानूस बरा होऊं दे. ही तुला नारळ देल."

खोट्यावर बोललेला नवस देवीपुढे कसा राहू द्यायचा? मी तिचा हात धरला. "मावशी, ते कधीच गेले. मी खोटं बोलले."

ती रागावली नाही. नुसतं विचारलं, "हे आदी कोनाला सांगितलास?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मंग रड आता. मी हाय इथं."

मी रडले, पदर न लावता. तिने धीराचा एक शब्द काढला नाही. मधूनमधून उठून टोपलीवरच्या माश्या हाकलायची आणि पुन्हा शेजारी येऊन बसायची. जाताना म्हणाली, "नारळ मातर दे. बोललेला नवस मागं नाय घेत."

किनाऱ्यावरूनच मी सरांना कळवलं, येत नाही.

देवीआईने जा किंवा राहा असं काहीच सांगितलं नाही. तिने माझ्याजवळ एक माणूस बसवलं. मी त्यालाच कृपा म्हणते. घर अजून रिकामंच आहे आणि दिवेलागणीला अजून जीव घाबरतो. पण पुढचं सगळं आता माझ्या हातात धरून ठेवत नाही, तिच्यावर टाकते.

पुढच्या मंगळवारी नारळ घेऊन गेले. मावशी दिसली नाही. नवसाचा म्हणून दिलेला नारळ फोडताना पुजाऱ्याने विचारलं, "नवस कोनासाटी व्हता?"

"बोलला होता नवऱ्यासाठी. फेडतेय माझ्यासाठी."

"मंग? बरं वाटतंय का आता?"

"वाटेल," मी म्हणाले, आणि प्रसादासाठी हात पुढे केला.