रिकामं वावर

हा पराक्रम सांगावा की गिळून टाकावा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण चहा तुम्ही पाजताय, तेव्हा ऐका.

माझी भाची प्रणाली पुण्याची नोकरी सोडून मूर्तिजापूरजवळ आपल्या गावी शेती करायला आली. शेडनेटमध्ये, म्हणजे हिरव्या जाळीच्या मांडवाखाली, ढोबळी मिरची लावायचा तिचा बेत. नव्याने शेतीत उतरणाऱ्या तरुणांना सरकार अनुदान देतं, त्यासाठी तिने अर्ज केला. बापाने बजावलं होतं, "मंजूर झालं तर कर शेती. नाही तर गपचूप पुण्याले वापस जा."

आणि नेमकं पाहणीच्या दिवशीच तिला प्रशिक्षणासाठी अकोल्याला जावं लागलं. आदल्या दिवशी तिने मला बोलावून घेतलं.

"मामा, साहेब उद्या जागा पाह्याले येऊन राहिले. तुमी फक्त बांधावर उभे राहा. बाकी काईच करू नका."

"सरकारी पाहणी तू मले शिकवून राहिली?"

सगळी हयात कारकुनीत गेली हो माझी. साहेब येणार म्हटलं की आम्ही भिंतींना चुना फासायचो, शेजारच्या शाळेतून कुंड्या उसन्या आणायचो. साहेबाला रिकामं काही दाखवायचं नसतं, हे हाडात मुरलेलं. आणि इथे काय? नुसती ढेकळं. ढेकळं पाहून कोणी अनुदान देतं का?

पोरीची शेती माझ्यामुळे बुडाली तर? शेवटी शेजारच्या गुलाबरावांकडून बांबू, जुनी हिरवी जाळी आणि ठिबकच्या नळ्या आणल्या. ते म्हणाले, "बाबूसाहेब, साहेबाचं लगन लावता का वावरात?" मी लक्ष दिलं नाही. दिवस मावळेपर्यंत मांडव उभा केला. आत बाजारातून आणलेली मिरचीची रोपं खोचली.

सकाळी साहेब आला. साहेब कसला, पोरगाच. त्याने फोटोसाठी मोबाइल काढला आणि तसाच उभा राहिला.

"काका, हे काय हाय?"

"शेडनेट," मी नम्रपणे म्हणालो. "आमच्याकडे काम अडून राहत नाही."

"मंजुरीच्या आधीच काम केलं? मंग अर्ज बाद होते नं. मी तर वावर रिकामं हाय का, तेच पाह्याले आलो."

मी हात जोडले.

"साहेब, हे सगळं खोटं आहे."

"पकडल्यावर सगळे हेच म्हणतात."

विचार करा. उभ्या नोकरीत खोटं खरं म्हणून पटवताना कधी अडचण आली नाही. आता खोटं हे खोटंच आहे, एवढंच पटवायचं होतं, आणि ते पटेना. मी एक रोप उपटून दाखवलं.

"रोप काय, कोणीबी उपटते."

मग मी बांबूला हात घातला. खड्डा वीतभरही नव्हता. सगळा मांडव माझ्या डोक्यावर आला. जाळीत अडकलेल्या मला पाहून साहेबाला हसू आवरेना.

"पटलं, काका. इतकं कच्चं काम ठेकेदारबी करत नाही."

सगळं सामान बांधापलीकडे नेईपर्यंत तो थांबला. मग मोबाइल रोखून म्हणाला, "आता तुमीबी बाजूले सरा. जागा रिकामी पायजे."

अर्ज पुढे गेला. संध्याकाळी प्रणाली परतली तेव्हा गुलाबरावांनी तिला वाटेतच सगळं सांगितलेलं होतं.

"मामा, मी तुमाले काय करा म्हटलं होतं?"

"काहीच नाही."

"मंग?"

सरकारने ज्या कामाचा मला निवृत्तीपर्यंत पगार दिला, नेमकं तेवढंच काम पोरीने एका सकाळपुरतं मागितलं होतं. तेही मला जमलं नाही.