बुधवारचं चिकन

बुधवारी चिकन मी करतो. करतो म्हणजे हाताला लागेल ते घालतो. कधी उरलेलं वाटण, कधी दही, काल तर नुसतं नारळाचं दूध. बायको पहिल्या घासालाच काहीतरी खोट काढायची आणि मी वाद घालायचो. काल मात्र ती गप्प जेवत होती.

"कसं झालंय?" मी विचारलं.

"छान झालंय."

मी घास घेतला. मीठ घालायचंच राहिलं होतं.

त्याआधीच्या बुधवारीही ती 'छान' म्हणाली होती. खोट काढणाऱ्या माणसाला पुढच्या बुधवारीही इथेच जेवायचं असतं, हे मला आत्ता कळत होतं. मी मिठाची बरणी तिच्याकडे सरकवली.

"नको, खरंच छान झालंय," ती म्हणाली आणि पाहुणीसारखी हसली.