तांडेलचं पोट

भिवाला आयुष्यात कोणी फारसं काही विचारलं नाही, आणि विचारलं नाही याचं त्याला कधी वाईटही वाटलं नाही. लग्नाच्या वेळी मुलगी बघायला मामा आणि थोरला भाऊ गेले, चहा-पोहे खाऊन आले आणि म्हणाले, "पक्की केली." ती बायजा. तरुणपणी तो कळव्याच्या मिठागरात कामाला होता. वाफ्यात खाडीचं पाणी घ्यायचं, उन्हाने ते आटलं की फळीने मीठ काठाला ओढायचं. एके वर्षी मुकादम म्हणाला, उद्यापासून येऊ नका, आगर बंद. तो घरी बसला. पुढे खाडीलगतची शेती बिल्डरला द्यायची ठरली तेव्हा चुलतभाऊ जमले, बैठका झाल्या, आणि शेवटी कागद त्याच्यापुढे आला. "भिवा, इथं सही कर." त्याने केली. आज त्या शेतात उंच इमारती आहेत, त्यांतल्या एकीत सातव्या मजल्यावर तो बायको, मुलगा आणि सुनेबरोबर राहतो आणि लोक त्याला भिवाशेठ म्हणतात. ही शेठकीही त्याला न विचारताच चिकटली.

कुत्राही तसाच आला. जुनं घर पाडायच्या दिवशी सामान टेम्पोत चढत होतं, तेव्हा अंगणातला तांबडा कुत्रा कोणी न बोलावता उडी मारून गाद्यांच्या गठ्ठ्यावर जाऊन बसला. मुलाने, देवेशने, दोनदा उतरवला, तो दोनदा चढला. होडीवर ज्याचा शब्द चालतो तो तांडेल. तेव्हापासून त्याचं नाव तांडेल पडलं. सोसायटीच्या सभेत कुत्र्यावरून वाद झाला, पण जमीनच मुळात भिवाची असल्यामुळे बाहेरून राहायला आलेले लोक थोडं बोलून गप्प बसले. रोज सकाळ-संध्याकाळ तांडेल पुढे आणि भिवा मागे, असे दोघं लिफ्टने खाली उतरायचे. कुठल्या गल्लीत वळायचं, कुठे थांबायचं, परत कधी फिरायचं, हे तांडेल ठरवायचा. भिवाला ते फार सोयीचं होतं.

श्रावण लागला आणि घरातली मासळी बंद झाली. बायजाचा नियम कडक. श्रावण लागल्यापासून गौरी-गणपती पाण्यात जाईपर्यंत घरात सुकटीचा वाससुद्धा यायचा नाही. एरवी तांडेलच्या थाळीत तांदळाची भाकरी आणि तिच्यावर बोंबलांची डोकी कुस्करलेली असायची. आता भाकरीवर वरण आलं. तांडेलने पहिल्या दिवशी थाळी हुंगली आणि तो जाऊन गॅलरीत पडला.

"आई, तांडेल पण श्रावण पाळतोय बघा," सून करिश्मा हसत म्हणाली. "आपल्यापेक्षा कट्टर निघाला."

"दर साली असाच करतंय," बायजा म्हणाली. "मासलीबिगर त्याचे घशान घास उतरत नाय. भूक लागल तवा खाल."

आणि ते खरंही होतं. दर वर्षी श्रावणात तो रुसायचा, दोन-चार दिवस थाळी ढकलायचा आणि मग मुकाट वरण-भाकरी खायचा. या वर्षी रुसवा लांबला. थोडंसं चाटायचा, पाणी मात्र मडकंभर प्यायचा. पाठीचा कणा हाताला लागू लागला. भिवाच्या ते लक्षात आलं होतं, पण त्याच वेळी दुसरीही गोष्ट लक्षात आली. तांडेलचं पोट वाढत होतं. चांगलं गोल, टणटणीत.

खाली पार्किंगच्या कट्ट्यावर भिवाचा लहानपणचा सोबती जगन रोज बसलेला असायचा. तो म्हणाला, "भिवाशेठ, कुत्र्याचा आन तुजा, दोगांचा पोट सुटलाय. जमिनीचा पैसा अंगाला लागला रं!"

कट्ट्यावरचे सगळे हसले. भिवाही हसला. घरी येऊन त्याने बायजाला पोट दाखवलं, तेव्हा तिने कमरेवर हात ठेवले.

"मंग! मी काय सांगते? यो भायेर खाऊन येतंय. त्या कोपऱ्यावरचे चायनीजच्या गाडीवर हाडका टाकतान ना, तिथं जात असल. घरान उपास आन भायेर कोंबरी!"

हे सगळ्यांनाच पटलं. खात नाही आणि पोट तर भरलेलं, म्हणजे दुसरं काय असणार? भिवाने देवेशकडून नवा पट्टा मागवला आणि तांडेलला आखडून धरून फिरवायला सुरुवात केली. चायनीजच्या गाडीजवळ आलं की भिवा पट्टा जास्तच ओढायचा. तांडेल त्याच्याकडे मान वळवून बघायचा. त्याला गाडीकडे जायचंच नव्हतं. तो दमून थांबत होता. पण हे भिवाला फार पुढे कळलं.

श्रावण असाच सरला. गौरी-गणपतींचं विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बायजा स्वतः बाजारात जाऊन पिशवीभर मांदेली घेऊन आली. तव्यावर मासळी पडली तसा सातव्या मजल्यावर वास घमघमला. तिने पहिली तळलेली मांदेली कोणाच्या ताटात न वाढता बशीत घेतली, फुंकून गार केली आणि गॅलरीत गेली.

"घे रं राजा. सुटला तुजा श्रावन."

तांडेलने मांदेलीकडे बघितलं. नाक थोडं हललं. मग त्याने तोंड भिंतीकडे वळवलं आणि घशातून पिवळं पाणी ओकलं.

बायजा बशी हातात धरून तशीच उभी राहिली. भिवा गुडघ्यावर बसला आणि त्याने तांडेलची खालची पापणी अंगठ्याने ओढून पाहिली. आतला भाग हळदीसारखा पिवळा होता. बशीतली मांदेली त्या दिवशी कोणी खाल्ली नाही.

देवेशने कामावर रजा टाकली आणि गाडीतून ठाण्याच्या प्राण्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण मुलगी होती, शिवानी नावाची. तिने पोटावरचे केस भादरले, गार मलम लावलं आणि यंत्र फिरवत पडद्याकडे बघत राहिली. मदतनीस साईनाथने तांडेलचे पाय धरले होते, पण धरायची गरजच नव्हती. भिवा पडद्याकडे बघत होता. त्याला काळ्यावर पांढरं, पांढऱ्यावर काळं, असं काहीतरी ढवळलेलं दिसत होतं.

"काका, याच्या लिव्हरमध्ये गाठी आहेत," डॉक्टर म्हणाली. "एक नाही, खूप. सगळीकडे पसरल्यात. आणि आतड्यालाही एक मोठी गाठ आहे, सुरुवात बहुधा तिथूनच झाली. हे पोट वाढलंय ना, ते खाण्याने नाही. आत पाणी साचलंय."

लिव्हर म्हणजे काळीज, हे भिवाला ठाऊक होतं. जत्रेत बोकड कापल्यावर त्याने ते कितीदा हातात घेतलं होतं, गरम आणि गुळगुळीत. त्याच्यावर गाठी कशा दिसत असतील ते त्याला समोर दिसू लागलं.

"कापून काढता येणार नाही का?" देवेशने विचारलं.

"लिव्हरच्या एकाच भागात असती तर तो भाग काढता आला असता. काही कुत्री त्यावर चांगली जगतात. इथे चांगला भागच उरलेला नाही."

"आन औषिद?" भिवा पहिल्यांदाच बोलला.

"उलटी थांबायला देते. दुखणं कमी व्हायला देते. बरं व्हायचं औषध नाही, काका."

तिने सुई घालून पोटातलं पाणी बाटलीत काढलं. लालसर, मिठागरातल्या शेवटच्या वाफ्यातल्या पाण्यासारखं. भिवा त्या बाटलीकडे बघत होता. मग त्याने विचारलं, "श्रावनाच्या आधी आनला असता तर?"

डॉक्टरने बाटलीचं झाकण लावलं. "कदाचित थोडे दिवस जास्त मिळाले असते. खरंच सांगता येत नाही. कुत्री दुखणं लपवतात, आणि कळतं तेव्हा बरेचदा असंच झालेलं असतं." मग तिने आवाज खाली आणला. "त्रास वाढला, पाणीसुद्धा पोटात ठरेनासं झालं, की सकाळी कधीही घेऊन या. एक इंजेक्शन देऊ. झोप लागते आणि झोपेतच जातो. पण ते मालकाने ठरवायचं असतं. मालक कोण?"

देवेशने वडिलांकडे बघितलं. भिवाने मागे वळून पाहिलं, जणू त्याच्या पाठीमागे आणखी कोणी उभं असेल.

पाणी काढल्यावर तांडेल दोन दिवस हलका झाला. शेपटी हलवली, दूधभात चाटला. बायजाने गावदेवीचा अंगारा आणून त्याच्या कपाळाला लावला आणि सगळ्यांना सांगितलं, डॉक्टरीण बाई नवीन हाय, तिला काय कललाच नाय. करिश्मा मोबाईलवर वाचून वाचून कच्ची हळद, नारळाचं पाणी, असं काय काय करून बघत होती. आठवडा संपायच्या आत पोट पुन्हा तसंच टणटणीत झालं. शी डांबरासारखी काळी होऊ लागली. औषधाची गोळी भातात घातली की तो भातही सोडायचा.

भिवाला इंजेक्शनचं बोलायचं होतं. बोलायचं म्हणजे कसं बोलायचं हेच त्याला येत नव्हतं. एका दुपारी जेवताना तो ताटाकडे बघत म्हणाला, "ती डॉक्टरीण बोलत व्हती..."

"नाव काडू नका," बायजाने भात वाढता वाढता डाव तसाच धरला. "पितरांचा पंधरवडा हाय. या दिवसान लोका कुत्र्याला घास घालतान. आन तुमी त्याला माराला नेताव?"

"मी कुठं नेतंव."

"मंग गप जेवा."

तो गप जेवला. देवेशने हात धुताना वडिलांना बाजूला घेतलं. "बाबा, आईचं मनावर घेऊ नका. तुम्ही ठरवा. तुम्ही म्हणाल तसं करू." मुलगा मनापासून बोलत होता. पण भिवाला वाटलं, चुलतभाऊ परवडले. त्यांनी निदान ठरवून तरी आणलं असतं.

मग तांडेलने एक नवीनच सुरू केलं. पडून पडून तो एकदम उठायचा, भिंतीला अंग घासत दारापाशी जायचा आणि उभा राहायचा. दार उघडलं की लिफ्टपाशी जाऊन उभा. शी-शूसाठी म्हणावं, तर खाली नेल्यावर तो काही करायचा नाही. नाक वर करून, खाडीकडे तोंड करून थांबायचा. करिश्मा म्हणाली, त्याला आत उकडत असेल. तिने पंखा आणून लावला. तो पंख्यापासून उठून पुन्हा दाराशी गेला.

भिवाला मात्र ते कळलं. जुन्या घरी कितीतरी कुत्री झाली, पण त्यांतलं एकही अंगणात मेलेलं त्याने पाहिलं नव्हतं. दिवस भरले की कुत्रं एक दिवस उठायचं, बांधावरून खाजणात, खाडीकाठच्या दलदलीत उतरायचं आणि दिसेनासं व्हायचं. कोणी शोधायला जायचं नाही. म्हातारी माणसं म्हणायची, त्याला त्याची जागा ठाव असते.

पंधरवडा अजून संपला नव्हता. त्या सकाळी तांडेलने पाणी प्यायलं आणि लगेच ओकलं. पुन्हा प्यायलं, पुन्हा ओकलं. मग तो दारापाशी गेला. मागचे पाय थरथरत होते. बायजा देवपूजेला बसली होती. भिवाने पट्टा खुंटीवरच राहू दिला आणि दार उघडलं.

खाली उतरल्यावर नेहमीसारखा तांडेल पुढे आणि भिवा मागे. तो थांबत थांबत निघाला. गेटबाहेर, मग दुसऱ्या इमारतीच्या कडेने, मग जिथे पूर्वी भिवाच्या शेताचा बांध होता तिकडे. दर थोड्या वेळाने खाली बसायचा, धापा टाकायचा, आणि भिवा त्याच्या शेजारी उभा राहायचा. चालणारे लोक वळून बघत होते. एका बाईने म्हटलं, "किती जाडा झालाय, त्याला जरा कमी खायला घाला."

रस्ता संपला तिथे भिंत होती. खाडीतल्या तिवरांच्या झाडांच्या रक्षणासाठी बांधलेली, वर तारेची जाळी, आणि तिच्यापलीकडे खाजण. भिवा रोज ती भिंत बघत होता, पण तिच्यात वाट नाही हे त्याच्या आजच ध्यानात आलं. तांडेल भिंतीच्या कडेने एका टोकापर्यंत गेला. तिथे सोसायटीचं कुंपण होतं. तो वळून दुसऱ्या टोकापर्यंत आला. तिथे पंपाची खोली आणि कुलूप. मग त्याने भिंतीच्या बुडाशी, पाणी जायला ठेवलेल्या भोकाला नाक लावलं. भोक मुठीएवढं होतं. पलीकडून खाऱ्या चिखलाचा वास येत होता. तो तिथेच खाली बसला आणि नाक भोकाशी ठेवून आत-बाहेर श्वास घेत राहिला. फुगलेलं पोट एका अंगाला कललं होतं.

भिवाने भिंतीला हात लावून पाहिला. सिमेंट पक्कं होतं. त्याने वर बघितलं, जाळी आपल्या डोक्यापेक्षा उंच. तांडेलला उचलून पलीकडे टाकावं म्हटलं तरी ते व्हायचं नव्हतं. तो कुत्र्याशेजारी मातीत बसला आणि त्याला रडू आलं. आवाज न करता, नाक ओढत तो रडला. तांडेलने मान वळवली नाही.

बऱ्याच वेळाने मागे रिक्षा थांबली. रिक्षावाला आनंदा रोज याच रस्त्यावर गिऱ्हाईक बघायचा, भिवाला ओळखायचा. "शेठ, काय झालं? चक्कर आली का?"

"मला नाय. याला."

आनंदाने उतरून हात लावला. एकाने पुढचं आणि एकाने मागचं धरून दोघांनी तांडेलला उचलून सीटवर ठेवला. तांडेलच्या तोंडातून हुं एवढाच आवाज निघाला. भिवा आत बसला आणि त्याने त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"कुठं सोडू? घरी?"

भिवाने खिशावरून हात फिरवला. मोबाईल घरीच राहिला होता. बायजाची पूजा आटोपली असेल, ती दारात उभी असेल. आनंदा आरशातून त्याच्याकडे बघत थांबला होता.

"ठान्याला घे," भिवा म्हणाला. "जनावरांच्या दवाखान्यान."

रिक्षा निघाली. आनंदाला गप्प बसवत नव्हतं. "काळजी करू नका शेठ. आमच्या गावाकडं एकाच्या कुत्र्याचं असंच पोट फुगलेलं. डॉक्टरनं एक इंजेक्शन मारलं बघा, दुसऱ्या दिवशी उड्या मारायला लागलं. एकाच इंजेक्शनात!"

"हां," भिवा म्हणाला.

कळव्याच्या पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. खाली खाडीला भरती होती आणि वारा रिक्षातून आरपार जात होता. तांडेलचे कान वाऱ्याने हलत होते. आनंदाने मान बाहेर काढून पुढचा अंदाज घेतला.

"ट्रकच्या बाजूनं घुसवतो शेठ. पाच मिनिटांत पोचवतो तुम्हाला."

"नको," भिवा म्हणाला आणि त्याने हात तांडेलच्या मानेवर ठेवला. "सावकाश घे. घाई नाय."