दोघांत एक गोळी

रत्नागिरीच्या सरकारी रुग्णालयात एचआयव्हीच्या रुग्णांना मोफत गोळ्या मिळू लागल्या, तेव्हा मी तिथे समुपदेशक होते. जयगडहून एक काका यायचे. आयुष्यभर बोटीवर स्वयंपाक केलेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि जीभ अशी चालू की बाकावर रडत बसलेलं माणूसही हसत आत येई.

गोळ्या सुरू झाल्यावर काकांनी छान अंग धरलं. मग पुन्हा सुकायला लागले. ताप, तोंडात चट्टे. मुंबईला पाठवलेल्या रक्ताचा रिपोर्ट आला : विषाणू औषधाला दाद देईनासा झाला होता.

"काका, गोळ्या चुकवता?"

"देवाशपथ सांगतो, एक पण गोळी वाया गेली नाय."

मला त्या शपथेत काहीतरी गोम वाटली. म्हणून एका सकाळी मी जयगड गाठलं. शेजाऱ्यांना संशय नको म्हणून विमा एजंट असल्याची थाप मारली, तर शेजारचे आजोबा पॉलिसी घ्यायलाच बसले. कशीबशी सुटका करून घेतली आणि काकांच्या घराच्या मागच्या पडवीत गेले.

तिथे एक बाई बांगडे साफ करत होती. काका तिच्या तळहातावर गोळी ठेवत होते. "घे, तुझी सकाळची."

मला बघून दोघंही दचकली.

काकांच्या बोटीवरच्या मित्राची ती विधवा. मित्र याच आजाराने गेला, तिलाही लागण झालेली. पण रुग्णालयात गाववाला कारकून, म्हणून ती पाऊल टाकायला तयार नव्हती. सकाळची गोळी तिला, संध्याकाळची काकांना, अशी वाटणी चालली होती.

"काका, अर्ध्या औषधाने विषाणू मरत नाही. उलट त्या औषधाला पुरून उरायला शिकतो."

"म्हंजे आम्ही त्याला शाळेत घातला म्हणायचा!"

बाई मात्र हसली नाही. "मला बोललास, सरकार दोघांचं देतंय," ती म्हणाली, आणि हातातला बांगडा तिने काकांच्या छातीवर फेकून मारला. मग पदर तोंडाला लावून रडली. काकांनी खाली पडलेला बांगडा उचलून तिच्यापुढे ठेवला.

पुढच्या आठवड्यात ती आली. डोक्यावर माशांची पाटी! गाववाल्या कारकुनालाच तिने आधी सुरमई विकली, मग सगळ्यांच्या देखत माझ्या खोलीत शिरली, "मॅडम, कोलंबी हाय, बघताव?"

तपासण्या झाल्या. तिच्यावरही जुनं औषध चालेना. दुसऱ्या टप्प्याची औषधं तेव्हा मुंबईतच मिळत, म्हणून दोघं दर महिन्याला एसटीने जोडीने जाऊ लागली. काकांची भूक परतली, वजन वाढलं.

"आता वाटणी नाही ना?" मी एकदा विचारलं.

"कसली वाटणी! ही माझी जीभ उचलून बघते, गोळी गिळली की नाय ते."

"बघणारच," ती म्हणाली. "ह्याच्या जिभेवर कोण विश्वास ठेवेल?"