कधीच न पडलेला माणूस
बामाचा वास आला की चिखला गावच्या मँगनीजच्या खाणीत काम करणारा माझा दोस्त आठवतो. हेवीवेट बॉक्सिंगमध्ये तो वर्षानुवर्षं अंतिम फेरीपर्यंत जायचा आणि तिथं गुणांवर हरायचा. शेवटची लढतही तो तशीच हरला आणि आम्ही नागपूरहून एसटीनं परतत होतो. बाहेर धानाच्या बांध्यांवरचं ऊन उतरत होतं आणि मी त्याच्या सुजलेल्या हातांवरच्या पट्ट्या सोडवून बाम चोळत होतो. "लोक मले काय म्हणतीन आता?" त्यानं विचारलं. "तुले कोणीच पाडू नाही शकलं, असं म्हणतीन," मी म्हणालो. खिडकीला डोकं टेकवून तो म्हणाला, "पडलो असतो, तं कवाचाच घरी बसलो असतो ना गा." तो मोठा बॉक्सर होता की नाही, यावर खाणीच्या वसाहतीत आजही वाद होतात. मला विचारलं, तर मी एवढंच सांगतो, की तो फार थकला होता.