गवतगाडीची मानाची माळ

गवतगाडीला हात लावण्याआधी मानसिंगकाका पायांतल्या चपला काढत. रोज. पाचगणीच्या धुक्यात समोरचं मैदान दिसत नसे, शेडची फरशी ओली असे, तरी ते अनवाणी उभे राहून इंजिनावर उजवा तळहात टेकवत, तोच हात कपाळाला लावत, आणि मग खाली बसून बुटांच्या नाड्या बांधत. माळीकाम करणाऱ्या बाया हसत. त्यांतली रंगूबाई सगळ्यांत मोठी, जिभेनेही मोठी. ती म्हणे, बायकोला कवा असा हात जोडलास का रं?

ती गाडी म्हणजे मुलांच्या एका निवासी शाळेचं गवत कापायचं जुनं मशीन. शाळा चालवणारे गोरे निघून गेले तेव्हा ते मागे राहिलं. पुढे पाती, मध्ये पेट्रोलचं इंजिन आणि मागे बसायला लोखंडी बैठक. काका तिच्यावर बसून मैदानात फेऱ्या घालू लागले की लांबून वाटे, कुणीतरी बैलांवाचून कुळव हाकतंय. फौजेत ते मोटारी चालवत. निवृत्तीनंतर शिराळ्याजवळच्या आमच्या गावात ऊस होता, पण तो भावांनी सांभाळला होता. काकांना इंजिनाचा आवाज लागे. म्हणून ते पाचगणीला आले आणि साळूकाकूसह शाळेच्या चाळीत राहिले.

काका दारूला शिवत नसत, हे इथेच सांगायला हवं. थंडीच्या ठाण्यांवर फौजेत रमचा वाटा मिळे. तो ते दुसऱ्याला देत आणि बदल्यात गोड दुधाचे डबे घेत. रजेवर येताना ते डबे आम्हा पुतण्यांसाठी आणत. त्यांच्या वडिलांना साऱ्या गावाने चावडीच्या पायरीवर पडलेलं पाहिलं होतं, आणि त्यांना पाठीवर घेऊन घरी आणणारा मुलगा म्हणजे काका.

त्र्याहत्तर सालची खंडेनवमी. शेडमध्ये कुदळी, विळे, खुरपी धुऊन मांडली होती, मध्यभागी गवतगाडी. हळदकुंकू झालं, नारळ फुटला. गाडीला माळ घालण्याचा मान शाळेच्या मॅनेजरसाहेबांचा. ते नवे होते, फोटोग्राफर घेऊन आले होते. झेंडूची माळ लांब निघाली, शेवट जमिनीवर लोळू लागला. फोटोत ते बरं दिसेना, म्हणून साहेबांनी तो शेवट इंजिनाच्या जाळीच्या फटीत खोचून दिला. सगळ्यांनी पाहिलं. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, काकांनाही नाही.

आमच्याकडे मानाची माळ हाताने ओढून काढत नाहीत. ती सुकून आपली आपण उतरावी लागते, मग तिचं निर्माल्य पाण्यात सोडायचं. दसरा झाला, ऊन पडलं, माळ सुकली आणि एका सकाळी गळून खाली आली. काकांनी ती गोळा केली, विहिरीत सोडली. सगळी आली, असं त्यांना वाटलं. जाळीत खोचलेला तुकडा आतच राहिला होता.

शाळेचे खेळांचे सामने जवळ आले होते. पालक येऊ लागले होते. काकांनी डब्यातलं पेट्रोल नळीने तोंडाने ओढून टाकीत सोडलं, चपला काढल्या, बूट घातले आणि गाडी काढली. मैदानाच्या कडेला पोचतात न पोचतात तोच इंजिन आपोआप पळू लागलं. काकांनी रेस कमी केली. रेस उतरेना. रेसचा दांडा पार मागे ओढला, तरी आवाज चढतच गेला. क्लच सुटेपर्यंत गाडी चुन्याच्या ताज्या रेघांवरून गेली, कुंपणालगतच्या डेलियाच्या फुलांच्या वाफ्यात घुसली आणि तिथे थांबली. चाकं थांबली, पण इंजिन किंचाळत राहिलं. असंच राहिलं तर त्याच्या आतल्या लोखंडाच्या चिंधड्या होणार, हे काकांना ठाऊक होतं. त्यांनी उघड्या हाताने प्लगची वायर उपसली.

विजेचा दणका बसला. इंजिन बंद पडलं. काका खाली उतरले, दोन पावलं टाकली आणि झोकांडले. बोलायला गेले तर जीभ वळेना.

मॅनेजरसाहेब धावत आले. जवळ आले, नाक मुरडलं. काकांच्या तोंडाला पेट्रोलचा उग्र वास होता, आणि साहेबांनी तो कसला आहे हे विचारलं नाही. पालक उभे होते, मुलं उभी होती, माळीकामाच्या साऱ्या बाया विळे हातात घेऊन उभ्या होत्या.

"सकाळी सकाळी ढोसून आलास?" साहेब म्हणाले.

हातातून वीज गेलेल्या माणसाला हा प्रश्न विचारला गेला. हात भाजलाय का, असं कुणी विचारलं नाही. डेलियांचं मात्र विचारलं गेलं.

काकांना कामावरून थांबवलं. वाईहून एक मिस्त्री बोलावला, त्याने गाडी भंगारात काढा म्हणून सांगितलं. काका तरीही शेडमध्ये जाऊन बसत. त्यांना पगार नको होता, गाडी का पळाली याचं कारण हवं होतं. त्यांनी कारबुरेटर खोलला, फुंकर मारून त्याची बारीक भोकं मोकळी केली. काही फरक नाही. मग त्यांनी रेसच्या वायरीवर संशय घेतला. पावसाळ्यात गंजून ती नळीत अडकत असेल, म्हणून तिच्यात तेल सोडलं. वायर लोण्यासारखी सरकू लागली, आणि इंजिन पूर्वीसारखंच पळत सुटलं. स्प्रिंग बदलली, पेट्रोल बदललं. काका चिडत, पाने आपटत, काकूने आणलेली भाकरी तशीच ठेवत. रंगूबाई दारात येऊन म्हणाली, "मानसिंगा, गाडी तुज्यावर रुसलीय. लय दिस डोळं भरून बघितलं न्हाईस वाटतं तिच्याकडं."

तिला चेष्टाच करायची होती. पण डोळे भरून बघायचं तर सगळं उघडूनच बघावं, असं काकांना वाटलं. त्यांनी पंख्यावरचा पत्रा काढला.

आत झेंडूच्या पाकळ्यांचा लगदा होता. जाळी आतून लिंपल्यासारखी बंद झाली होती. त्या इंजिनात पत्र्याची एक हलकी पट्टी असते. इंजिन फार पळू लागलं की पंख्याचा वारा तिला ढकलतो आणि ती रेस उतरवते. जाळी बुजल्यामुळे वारा मेला होता, आणि माळेचा दोरा पट्टीच्या काडीला गुंडाळला गेला होता. दांडा कितीही मागे ओढला तरी रेस उतरणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीच्या वेळी काका तेलाच्या डब्याचं झाकण घेऊन साहेबांसमोर उभे राहिले. झाकणात काळा पडलेला दोरा आणि पाकळ्या होत्या. त्यांनी कारण सांगितलं. साहेबांनी वाकून पाहिलं. छान, म्हणाले, म्हणजे गाडी चालू झाली. पगार कापणार नाही, आजच मैदान उरकून टाक.

"पगाराचं न्हाई म्हणत, साहेब. त्यो शब्द माघारी घ्या."

साहेबांना कुठला शब्द ते आठवेना. खरोखरच आठवत नव्हतं, असं रंगूबाई आजही सांगते, आणि तिचा राग त्याच गोष्टीवर आहे. तिने बायांमधूनच विचारलं, "माळ कुणी खवली हुती वो साहेब? फोटूत हाय न्हवं?"

साहेबांचा चेहरा बदलला. मशीन सुरू करण्याआधी तपासणं हे मानसिंगचं काम होतं, ते त्याने का केलं नाही, असं त्यांनी विचारलं. प्रश्न खोटा नव्हता. काकांनीही तो टाळला नाही.

"मानाची माळ म्हणून मी जाळीत हात घातला न्हाई. चुकलंच ते माजं. माजी चूक मी घेतली, तुमी तुमचा शब्द घ्या. जितं बोललासा तितंच, ह्येंच्याच म्होरं."

साहेब हसले. इतकं मनाला लावून घेऊ नये, म्हणाले, आणि ऑफिसात गेले. मोठ्या माणसांना आपला शब्द उचलायला वाकावं लागत नाही. तो जिथे पडला तिथेच ते सोडून देतात आणि ज्याच्यावर पडला त्याने तो आयुष्यभर झाडत बसावं, अशी त्यांची अपेक्षा असते.

काकांनी गाडी सुरू केली. सगळ्यांदेखत रेस चढवली, उतरवली, पुन्हा चढवली, उतरवली. इंजिन मांजरासारखं घुरघुरत राहिलं. मग त्यांनी ते बंद केलं, बूट काढले, चपला घातल्या आणि चाळीकडे चालू लागले. गाडीच्या बैठकीवर ते पुन्हा बसले नाहीत. सामन्यांचं मैदान बायांनी विळ्यांनी कापलं. रंगूबाई सांगते, वाकून वाकून कंबर गेली, पण एकीनंही त्याला बोल लावला नाही.

गावी परतल्यावर काका उसाला पाणी पाजायच्या पंपांची इंजिनं दुरुस्त करू लागले. एकदा शाळेचा ड्रायव्हर निरोप घेऊन आला. परत या, पगार वाढवून देतो. काकांनी त्याला जेवू घातलं आणि हात धुताना विचारलं, साहेबांनी शब्द मागे घेतला का. ड्रायव्हरला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. तो एकटाच परत गेला. खंडेनवमीला काका पंपाला हळदकुंकू लावत, एखादं फूल वर ठेवत आणि सुरू करण्याआधी ते स्वतः उचलून घेत. भावकीत नावं ठेवली गेली, त्यांनी ऐकून घेतली. एवढंच, की गावात कुणी लग्नात, बारशात त्यांच्या जवळ येऊन बसलं की ते नकळत तोंडावर पंचा धरत. काकूच्या ते लक्षात आलं होतं.

अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात छातीत कफ भरला. सरकारी दवाखान्यातून खोकल्याचं तांबडं औषध आणलं. काकूने ते चमच्यात ओतून पुढे धरलं. काकांनी वास घेतला, चमचा बाजूला सारला आणि म्हणाले, "ह्येला दारूवाणी वास येतोय गं. त्यापरीस आलं घालून च्या टाक."